पाचारण ऐकू आलं, आता पुढे काय? सेवेत उतरू पाहणाऱ्या बहिणींसाठी

प्रार्थनेत, कुणाच्या अंत्यविधीत, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालता घालता मनात एक वाक्य येतं आणि ते काही केल्या जात नाही: ‘हे काम मी करायला हवं.’ मंडळीत आपण याला पाचारण म्हणतो. पुष्कळ बहिणी ते मनातच ठेवतात. आपल्याला भास तर होत नाही ना, लोक हसतील का, घरचे काय म्हणतील, या विचारांत महिने जातात. मी स्वतः दीड वर्ष गप्प होते. त्या दीड वर्षात कुणी पुढे काय करायचं ते क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पाचारण एकटीला ऐकू येतं, पण ते ओळखायचं काम एकटीचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्या आहेत.

आणि सेवा म्हणजे फक्त व्यासपीठ नव्हे. पाळकपण, मुलांना पवित्र शास्त्र शिकवणं, रुग्णालयात किंवा तुरुंगात भेटी देणं, समुपदेशन, भाषांतर, दूरच्या ठिकाणी मिशनकार्य, मंडळीचे हिशेब सांभाळणं, व्रत घेऊन धर्मभगिनी होणं, हे सगळं सेवेतच येतं. नेमकं कोणतं काम आपलं, हे पहिल्या दिवशी कळत नाही. कळायलाच हवं असंही नाही.

आधी वही घ्या

साधी वही चालेल. तारीख टाका आणि मनात काय आलं ते लिहा. ‘देवाने मला बोलावलं’ एवढ्यावर थांबू नका. कुणासाठी बोलावलं? कोणते चेहरे डोळ्यांसमोर येतात? कोणत्या दुःखाजवळून तुम्हाला पुढे जाता येत नाही? आपल्याकडे याला ‘ओझं’ म्हणतात आणि तो शब्द अगदी योग्य आहे. खरं ओझं नेमक्या माणसांचं असतं. ‘जगासाठी काहीतरी मोठं करायचंय’ हे ओझं नव्हे, ती हौस असू शकते.

पवित्र शास्त्रातल्या नहेम्याने, जो पारसाच्या राजाच्या चाकरीत होता, यरुशलेमेचा कोट मोडल्याची बातमी किसलेव महिन्यात ऐकली आणि तो राजापुढे बोलला नीसान महिन्यात. मध्ये चारेक महिने गेले. ते उपासात, रडण्यात आणि प्रार्थनेत गेले. तुम्हीही निदान तीन-चार महिने लिहा. त्यानंतर वही पहिल्या पानापासून वाचा. तीच माणसं, तीच हाक पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढे जा. दर आठवड्याला नवं काही येत असेल तर आणखी थांबा.

घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, कुणाशी मोठं भांडण झालंय किंवा तीन दिवसांचं शिबिर कालच संपलंय, अशा वेळी निर्णय घेऊ नका. त्या वेळी मन ओलं असतं. देव अशा वेळी बोलत नाही असं नाही, पण त्याने सांगितलेलं सहा महिन्यांनीही तसंच उभं राहतं.

मग तोंड उघडा

लहान शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा तो तीन वेळा म्हाताऱ्या एली याजकाकडे धावत गेला. ही हाक प्रभूची आहे हे त्याला कळलं नाही, ते एलीने ओळखलं, आणि तोही तिसऱ्या खेपेला. म्हणजे ज्याला हाक येते त्यालाही दुसऱ्या कुणाची गरज पडते, आणि त्या दुसऱ्यालाही ओळखायला वेळ लागतो.

तिघांशी बोला. एक, तुम्हाला रागात, आजारपणात आणि कंटाळ्यातही पाहिलेलं माणूस. दोन, जिला सेवेत दहा-पंधरा वर्षं झाली आहेत अशी बहीण. तिला कामाबद्दल नाही, थकव्याबद्दल विचारा. खरं तिथे कळतं. तीन, तुमचे पाळक किंवा फादर.

या तिसऱ्या भेटीला बहिणी सगळ्यात जास्त घाबरतात. उपासनेनंतर दारात उभ्या उभ्या विषय काढू नका. आधी वेळ मागून घ्या. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘काही मदत लागली तर सांगा हं’ असं म्हणून परत येऊ नका, कारण मग पुढच्या रविवारी खुर्च्या लावायचं काम मिळेल आणि तुमची गोष्ट मनातच राहील. सरळ सांगा: ‘गेल्या सहा महिन्यांपासून आजारी माणसांच्या सेवेचं ओझं माझ्या मनात आहे. हे पाचारण आहे का, हे तपासायला तुम्ही मला मदत करावी अशी इच्छा आहे. मला तीन गोष्टी हव्यात: एक काम, त्यावर लक्ष ठेवणारं एक माणूस, आणि वर्षानंतर प्रामाणिक मत.’ नहेम्याला राजाने ‘तुला काय हवं’ असं विचारलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं: किती दिवस लागतील, कुणाच्या नावे पत्रं हवीत, लाकूड कशाकशाला लागेल. तशा तयारीने जा.

उत्तर ‘नाही’ आलं तर? आधी कारण विचारा. ‘आत्ता नाही’, ‘हे काम नाही’ आणि ‘बाई आहेस म्हणून नाही’ ही तीन निराळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकावरचा मार्ग वेगळा आहे. पहिल्यात थांबायचं, दुसऱ्यात काम बदलून पाहायचं. तिसऱ्याबद्दल पुढे लिहिते.

थांबण्याबद्दल एक उदाहरण माझ्या कायम मनात असतं. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी आगगाडीच्या प्रवासात गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. तेव्हा त्या बरीच वर्षं धर्मभगिनी होत्या, शिकवत होत्या. त्या तडक उठून निघाल्या नाहीत. वरिष्ठांना सांगितलं, आर्चबिशपांना सांगितलं, पत्रांमागून पत्रं लिहिली. मठाबाहेर पाऊल पडलं ते ऑगस्ट १९४८ मध्ये, जवळपास दोन वर्षांनी. बाहेर पडल्यावरही आधी पाटण्याला जाऊन शुश्रूषेचं थोडं प्रशिक्षण घेतलं. त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली ७ ऑक्टोबर १९५० रोजी. हाक ते मान्यता, चार वर्षं.

घरच्यांशी बोलताना

‘देवाने सांगितलंय’ असं म्हटलं की घरातल्या समोरच्या माणसाला बोलायला जागाच उरत नाही. म्हणून घरात ते वाक्य शेवटी ठेवा. आधी व्यवहार बोला: आठवड्यातले किती तास जातील, कोणत्या संध्याकाळी मी घरी नसेन, पैसे कमी होतील का, मुलांचं किंवा म्हाताऱ्या माणसांचं कोण पाहील. नवऱ्याला ‘तुमचं काय मत’ असं विचारलंत तर उत्तर ऐकायची तयारीही ठेवा. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्च मोजावा, असं प्रभूनेच सांगितलंय.

एकट्या बहिणींना वेगळा त्रास होतो. लग्न जमलं नाही म्हणून ही सेवेत चालली, असं लोक बोलतात. त्याला उत्तर देत बसू नका. बेथानीच्या मार्था आणि मरीया यांच्या नवऱ्यांचा शुभवर्तमानात कुठेच उल्लेख नाही, आणि येशू त्यांच्याच घरी उतरत असे.

आपल्या मंडळीचा नियम नीट माहीत करून घ्या

पुष्कळ मनस्ताप इथे वाचतो. स्त्रियांनी काय करावं आणि काय करू नये याबद्दल सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही. दारात उभं राहून भांडण्यापेक्षा कोणतं दार उघडं आहे ते आधी पाहावं.

कॅथलिक मंडळीत याजकपदाची दीक्षा स्त्रियांना नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पण धर्मभगिनींचं मोठं क्षेत्र तिथे आहे. शिवाय पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर सेवापदं स्त्रियांना खुली केली, आणि त्याच वर्षी धर्मशिक्षकाचं पद स्त्री-पुरुष दोघांसाठी स्थापन केलं. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतही स्त्रिया याजक होत नाहीत. अँग्लिकन परंपरेत चित्र बदलत गेलं: इंग्लंडच्या मंडळीत १२ मार्च १९९४ रोजी ३२ स्त्रियांना पहिल्यांदा याजकपदाची दीक्षा मिळाली आणि २०१५ मध्ये पहिली स्त्री बिशप झाली. पुष्कळ मेथडिस्ट, लूथरन आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या स्त्रियांना दीक्षा देतात, पण त्याच नावाच्या काही मंडळ्या देत नाहीत. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत तर शेजारशेजारच्या दोन मंडळ्यांचं धोरण वेगळं असू शकतं. म्हणून नावावर जाऊ नका, घटना किंवा नियमावली मागून वाचा. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मुक्तिफौज, या मंडळीने सुरुवातीपासून स्त्रियांना अधिकारी, म्हणजे पाळक, केलं; १९३४ मध्ये इव्हँजलीन बूथ त्यांच्या जनरल, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, झाल्या.

स्त्रियांनी शिकवू नये, मंडळीत गप्प राहावं, अशा अर्थाची वादाची वचनं तुम्हाला कुणीतरी दाखवणारच: १ तीमथ्य २ मधलं, १ करिंथ १४ मधलं. ती टाळू नका, पूर्ण अध्यायासह वाचा. त्याच्याच शेजारी रोम १६ ठेवा. तिथे पौल फिबीला किंख्रियेच्या मंडळीची सेविका म्हणतो, आणि तिला जे लागेल ते द्या असं सांगतो. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला हे दोघं मिळून अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. आणि योहान २० मध्ये पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला येशूने मरीया मग्दालीयेला पाठवलं. ही वचनं एकमेकांशी कशी जुळतात यावर श्रद्धावान विद्वान आजही वेगवेगळं बोलतात. माझं स्वतःचं मत स्त्रियांना दीक्षा देण्याच्या बाजूचं आहे, आणि ते मी लपवत नाही. पण तुमचं मत माझ्याकडून उसनं घेऊ नका. दोन्ही बाजू वाचून स्वतःचं करा, कारण एक दिवस तुम्हाला ते उभं राहून सांगावं लागेल.

तर तिसऱ्या ‘नाही’चं काय? तीन वाटा आहेत: त्याच मंडळीत जे खुलं आहे ते पूर्ण मनाने करणं, नियम बदलावा म्हणून रीतसर अर्ज करणं, किंवा शांतपणे दुसऱ्या मंडळीत जाणं. जुन्या करारात, मुलगा नसलेल्या सलाफहादाच्या मुलींनी बापाच्या वारशासाठी मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभं राहून मागणी केली, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं देवाने सांगितलं. मागणं म्हणजे बंड नव्हे.

फ्लोरेन्स ली टिम-ओई यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. युद्धाच्या काळात मकाऊमध्ये प्रभुभोजन द्यायला याजक पोहोचू शकत नव्हता, म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांना याजकपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन मंडळीत अशी दीक्षा मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. युद्ध संपल्यावर गदारोळ झाला, तेव्हा बिशपांवर संकट नको म्हणून त्यांनी याजक म्हणून काम करण्याचा परवाना सोडला. मंडळी मात्र सोडली नाही, सेवा करतच राहिल्या. हाँगकाँगमध्येच १९७१ मध्ये आणखी दोन स्त्रियांना दीक्षा मिळाली. पद आणि पाचारण यांतला फरक मला त्यांच्याकडून कळला.

एक लहान काम घ्या आणि वर्षभर सोडू नका

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, कुणी कौतुक करणार नाही असं काम. वर्षाच्या शेवटी वही पुन्हा काढा.

माझं काम रुग्णालयात भेटी देण्याचं होतं. पहिल्याच दिवशी मी एका बाईंच्या खाटेशी उभी राहिले, बायबल उघडलं, स्तोत्र वाचलं, लांब प्रार्थना केली. डोळे उघडले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना दुखत होतं आणि मी पंधरा मिनिटं बोलत होते. त्यानंतर एका जुन्या सेविकेने मला शिकवलं ते असं. आत जाण्याआधी परिचारिकेला विचारा. हात धुवा. खाटेवर बसू नका, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर या. उभं राहिलात तर त्यांना मान वर करावी लागते आणि तुम्ही निघायच्या घाईत आहात असं वाटतं. नाव सांगा. ‘आज कसं आहे?’ असं विचारा आणि थांबा. शांतता लांबली तरी ती भरू नका. प्रार्थना करू का, हे विचारा. ‘नको’ म्हणाले तर ते मनापासून माना. ‘हो’ म्हणाले तर ‘कशासाठी करू?’ असं विचारा. यातच बहुतेक वेळा खरं दुखणं बाहेर येतं, आणि ते आजाराचं नसतं. घरी एकट्या राहिलेल्या मुलाचं असतं, अबोला धरलेल्या बहिणीचं असतं. प्रार्थना त्यांच्याच शब्दांत, चार वाक्यांत करा. दहा-बारा मिनिटांत निघा. ‘देवाची इच्छा’ आणि ‘सगळं ठीक होईल’ ही दोन वाक्यं दाराबाहेर ठेवून जा.

चौथ्या भेटीत त्या बाईंनीच माझा हात धरला. तोवर मी काही विशेष बोलले नव्हते.

शिकायचं टाळू नका

‘आत्मा शिकवेल, पदवी कशाला’ असं बहिणींना जरा जास्तच सांगितलं जातं, आणि सांगणारे स्वतः बहुधा शिकलेले असतात. पंडिता रमाबाई बाप्तिस्मा घेण्याआधीच संस्कृतच्या पंडिता म्हणून मान्य झाल्या होत्या. तरी पवित्र शास्त्र मराठीत आणण्यासाठी त्यांनी मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि ते काम १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवलं. अँटोनेट ब्राउन यांनी अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये धर्मविज्ञानाचा अभ्यास १८५० मध्ये पूर्ण केला, तेव्हा स्त्री म्हणून पदवी नाकारली गेली. तीन वर्षांनी एका मंडळीने त्यांना पाळक म्हणून दीक्षा दिली. आज दारं उघडी आहेत, त्यांतून आत जा.

सुरुवात पत्राद्वारे किंवा संध्याकाळच्या अभ्यासक्रमाने करता येते. पाळकीय सेवेसाठी सेमिनरीची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाची, पूर्णवेळ पदवी बहुधा तीन-चार वर्षांची असते. प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा: या पदवीला माझी मंडळी मान्यता देते का? शिकवणाऱ्यांत स्त्रिया आहेत का? स्त्रियांनी इथून शिकून पुढे काय केलं? तिसऱ्या प्रश्नावर कुणी अडखळलं तर लक्षात ठेवा. रुग्णालयातल्या सेवेसाठी क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन नावाचं वेगळं प्रशिक्षण असतं. त्याच्या एका युनिटला साधारण ४०० तास लागतात, आणि त्यात आपल्याच भेटींचं शब्दशः वर्णन लिहून गटापुढे मांडावं लागतं. अवघड जातं, पण यासारखं शिक्षण नाही.

धर्मभगिनी व्हायचं असेल तर घाई करायला जागाच नाही, आणि ते चांगलंच आहे. कॅथलिक कायद्यानुसार नवशिक्षणाचा, म्हणजे व्रतांआधी मठात राहून शिकण्याचा, काळ निदान १२ महिन्यांचा, त्यानंतर तात्पुरती व्रतं निदान तीन वर्षं, आणि कायमची व्रतं वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच. मधल्या कोणत्याही टप्प्यावर ‘हे माझं नाही’ असं कळलं तर ती हार नाही. त्या वर्षांचा उपयोगच तो.

काम स्वीकारताना कागद मागा

पहिली दोन वर्षं मी एका मंडळीत काहीही लेखी न घेता काम केलं. मुलांचा वर्ग, भेटी, महिलांची सभा, कार्यालयाची किल्लीसुद्धा माझ्याकडे. मानधनाचं विचारलं की ‘सेवाच आहे ना’ असं उत्तर यायचं. आजारी पडले तेव्हा एकही रजा माझ्या नावावर नव्हती. कुणी वाईट नव्हतं, कुणी काही ठरवलंच नव्हतं, इतकंच. म्हणून आता प्रत्येकीला सांगते: सुरुवात करण्यापूर्वी एक पान लिहून घ्या. काम कोणतं, तास किती, मानधन आहे की नाही आणि असल्यास किती, प्रवासखर्च, रजा, राहण्याची सोय, कुणाला जबाबदार, तक्रार कुणाकडे, आढावा कधी. विनामूल्य काम करायचं ठरलं तरी तेही लिहा. कामकरी आपल्या वेतनाला योग्य आहे, हे येशूने आपल्या शिष्यांना पाठवतानाच सांगितलंय. मागायची लाज वाटून घेऊ नका.

पैसे कधीही एकटीने मोजू नका. दोघींनी मोजा, दोघींनी सही करा, पावती द्या. संशय तुमच्यावर येऊ नये म्हणून हे आहे.

मुलांबरोबर असताना दोन मोठी माणसं हवीत. एकांतातल्या समुपदेशनात दार उघडं किंवा काचेचं असावं, आणि तुम्ही तिथे आहात हे कुणाला तरी माहीत असावं. ऐकलेलं गुप्त ठेवा, पण मुलाला किंवा कुणाला इजा होत असेल तर ‘हे मी गुप्त ठेवणार नाही’ असं तोंडावर सांगा आणि योग्य ठिकाणी कळवा.

आणि तुमच्यापेक्षा मोठ्या पदावरचं माणूस ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय’ म्हणत तुमचे पैसे, तुमचा एकांत किंवा तुमचं शरीर मागत असेल, तर ते पाचारण नाही. त्याच दिवशी बाहेर पडा, बाहेरच्या माणसाला सांगा, तारीख-वेळ लिहून ठेवा. गरज पडल्यास पोलिसांकडे जा. मंडळीची बदनामी होईल ही भीती तुमच्या डोक्यावर नको. बदनामी करणाऱ्याने केली आहे, सांगणारीने नाही.

पहिला संदेश

कधीतरी तुम्हाला बोलायला उभं केलं जाईल. एकच वचन घ्या. बारा मिनिटांचं लिहा, मोठ्याने तीनदा वाचा, आणि घड्याळ लावा, कारण घाबरलेली माणसं एक तर पळतात नाहीतर थांबतच नाहीत. आदल्या दिवशी रिकाम्या जागेत उभं राहून पाहा. माइक बहुधा उंच माणसाच्या मापाने लावलेला असतो, तो खाली कसा करायचा ते विचारून घ्या. कागद मोठ्या अक्षरांत आणि पानांवर आकडे घालून न्या. ‘मी काही विद्वान नाही’, ‘माझी लायकी नाही’ अशी सुरुवात करू नका. लोक ऐकायला बसलेत, त्यांना वचन द्या. एकीला आधीच सांगून ठेवा की तिसऱ्या रांगेत बस, आणि अडखळलात तर तिच्याकडे पाहा.

संपल्यावर दारात लोक ‘छान झालं’ म्हणतील. आभार माना. त्या तिसऱ्या रांगेतल्या बहिणीला मात्र दोन दिवसांनी भेटा आणि काय कळलं नाही ते विचारा. तिने सांगितलेलं वहीत, तारीख घालून, लिहा.